शेवटच्या चाळीस युनिटांचा हिशेब

बाळकुम नाक्यावरून निघून कशेळीचा पूल ओलांडला की वीजबिलावरचं नाव बदलतं. पलीकडे भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून बिलं काढते, अलीकडे ठाण्यात महावितरण. दर मात्र दोन्हीकडे तेच, कारण ते महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. खरा फरक बाळकुमच्या पोटातच आहे. गावठाणातल्या आणि पाड्यांवरच्या घरांत दोन पंखे, एक फ्रिज, टीव्ही नि चार दिवे. हाकेच्या अंतरावर पिरामल वैकुंठ, दोस्ती वेस्ट काउंटी अशी संकुलं. तिथे एकेका फ्लॅटला दोन-तीन एसी, तितकेच गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर. दोन्ही घरांत येणारं बिल एकाच नमुन्याचं, आणि मे महिन्याचं बिल पाहून दोन्ही घरांत विचारलं जातं तेही एकच: एवढं आलं कसं?

या प्रश्नाचं उत्तर देतो म्हणून हल्ली घरगुती एनर्जी मॉनिटर विकला जातो. जाहिरातीत बिल कमी करण्याचा वायदा असतो. प्रत्यक्षात ते यंत्र एक युनिटही वाचवत नाही, उलट स्वतः थोडी वीज खातं. ते फक्त दाखवतं. दाखवल्यावर माणसं काय करतात, किती दिवस करतात आणि त्यातून रुपये किती सुटतात, हे तपासायचं तर आधी बिलाची रचना बघायला हवी. माझं मत आधीच सांगून टाकतो: मॉनिटर महिना-दोन महिने लावून तपासणी करण्याचं साधन आहे, कायम भिंतीवर ठेवायची वस्तू नव्हे. आणि त्याचा पैसा वसूल होतो तो ज्यांचं बिल वरच्या टप्प्यांत चढतं त्यांचाच.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे, आणि त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे. प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा, सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये, असेल त्या महिन्यात इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर आयोगापुढे आणि न्यायालयात बरंच काही घडलं, आकडे सरकले. उतरंड मात्र तीच राहिली. खालच्या टप्प्यातलं युनिट स्वस्त, वरच्या टप्प्यातलं दुपटी-तिपटीने महाग.

सोसायटीच्या बाकावर एक समज पक्का बसलेला असतो: तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं होत नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. पण त्यातूनच बचतीचं गणित निघतं. समजा, एका घराचा महिन्याचा वापर ३४० युनिट आहे. वर दिलेल्या २०२४-२५ च्या दरांनी, इंधन आकार सोडून, बिल साधारण ४,२२० रुपये होतं. यातली शेवटची ४० युनिटं टाळली तर शुल्कासकट सुमारे ७३० रुपये सुटतात. वापर बारा टक्क्यांनी कमी, बिल सतरा टक्क्यांनी. आता पाड्यावरचं ९० युनिटांचं घर घ्या. त्यांनी जिवाचा आटापिटा करून १० युनिटं वाचवली तर हाती येतात ६८ रुपये. हजार-दोन हजारांचं यंत्र त्यांना विकणाऱ्याने जरा विचार करावा. स्थिर आकार तर मॉनिटरला जुमानतच नाही. घर महिनाभर बंद असलं तरी तो लागतो, आणि थ्री फेजवाल्यांना जास्त लागतो.

बिलाच्या आत काय आहे हे कळण्याची गरज ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांना २०२० च्या उन्हाळ्यात कडकडून जाणवली. टाळेबंदीत मीटर रीडिंग बंद पडलं, एप्रिल-मेची बिलं सरासरीने आली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेऊन मागचा सगळा हिशेब एकदम मांडला गेला. लोक घरात कोंडलेले, पंखे-एसी दिवसभर चालू, त्यात तीन महिन्यांचा आकडा एका बिलावर. ओरड झाली, मोर्चे निघाले, महावितरणला बिलाची पडताळणी करून पाहायची सोय संकेतस्थळावर द्यावी लागली. बिल बरोबर की चूक यावर घराघरांत वाद झाले; पण आपल्या घरात नेमकी कोणती वस्तू किती वीज घेते, हे सांगू शकणारी घरं फार थोडी होती.

आता यंत्राकडे येऊ. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे मोजणारा स्मार्ट प्लग. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो, त्यात फ्रिजची किंवा टीव्हीची पिन. मोबाईलवर वॉट आणि युनिट दिसतात. दुसरा प्रकार डीबीत बसतो. एमसीबीच्या पेटीत येणाऱ्या फेजच्या वायरभोवती एक उघडझाप होणारी कडी, म्हणजे सीटी, अडकवतात. वायर कापायची नाही, जोडायची नाही. वायरीतल्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र ती कडी ओळखते. कडी फक्त फेजवर घालायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यात घेतले तर जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि पडद्यावर शून्य दिसतं. स्वस्तातले काही मॉनिटर नुसता अँपिअर मोजून त्याला २३० ने गुणतात. घरगुती बिल असतं प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटांचं. पॉवर फॅक्टर धरला नाही तर मोटर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा आकडा फुगून येतो. व्होल्टेजही मोजणारा घ्यावा. आणि डीबी उघडायची ती वायरमनकडूनच, कारण मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूची वायर जिवंतच असते.

फुकटातला मॉनिटर प्रत्येकाच्या मीटरमध्ये आधीपासून आहे, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी छापलेलं असतं की एका युनिटाला किती लुकलुकी, समजा ३,२००. मिनिटभरात दिवा दहा वेळा लुकलुकला, तर त्या वेळी घर साधारण १९० वॉट ओढतंय. सगळं बंद करून, फक्त फ्रिज आणि राउटर चालू ठेवून हा हिशेब करायला मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. टॉवरमध्ये अडचण एवढीच की मीटर खाली मीटर रूममध्ये, तिला कुलूप, आणि किल्ली वॉचमनकडे. एक जण खाली, एक जण वर फोनवर, अशी ही मोजणी करावी लागते.

जगभरात या विषयावर संशोधन भरपूर झालंय आणि त्याचा कल बघण्यासारखा आहे. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा घरात थेट आकडा दिसला तर ५ ते १५ टक्के बचत होते असं चित्र निघालं. त्या आशेवर मोठे उद्योग पुढे सरसावले. गूगलने २००९ मध्ये पॉवरमीटर काढलं, मायक्रोसॉफ्टने होम नावाची सेवा काढली. पहिलं २०११ मध्ये गुंडाळलं गेलं, दुसरी २०१२ मध्ये. ब्रिटनने २००७ ते २०१० या काळात साठ हजारांहून अधिक घरांवर चाचणी घेतली. तिथे स्मार्ट मीटरच्या जोडीला घरात आकडा दाखवणारा पडदा दिल्यावर विजेची बचत ३ टक्क्यांच्या आसपास निघाली. हौशी घरांच्या लहान चाचणीत मोठे आकडे, सरसकट घरांच्या मोठ्या चाचणीत छोटे. यात नवल नाही. पहिल्या प्रकारच्या चाचणीत नाव नोंदवणारा माणूस आधीच दिवे विझवत फिरणारा असतो.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो हॉलंडमधला २०१० चा अभ्यास. तीनशेच्या वर घरांना मॉनिटर दिले. चार महिन्यांनी सरासरी ७.८ टक्के बचत दिसली. पुढे यंत्र ठेवलेल्या घरांतही ती टिकली नाही. इंग्लंडमध्ये टॉम हारग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी घराघरांत जाऊन मुलाखती घेतल्या, तेव्हा कळलं की मॉनिटर हळूहळू घरातल्या सामानाचा भाग होतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. दरम्यान त्यावरून घरात कुरबुरी मात्र होतात. हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. मोबाईलवरचा आलेख एकाच्या हातात आणि गिझर, मिक्सर, इस्त्री दुसऱ्याच्या हातात असली की तो आलेख बिलापेक्षा भांडणाला जास्त उपयोगी पडतो. ज्याच्या हातात स्विच आहे, त्यानेच आठवडाभर आकडे बघावेत.

भारतातला पुरावा थोडा आहे, पण लक्षवेधी आहे. अनंत सुदर्शन यांनी दिल्लीलगतच्या उंच इमारतींमधल्या घरांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला घराला कळवायचं की तुमचा वापर शेजाऱ्यांच्या तुलनेत किती. उन्हाळ्यात वापर सुमारे ७ टक्के घटला. दुसऱ्या गटाला तीच तुलना दिली आणि वर बचतीसाठी पैशाचं बक्षीस लावलं, तर परिणाम नाहीसाच झाला. पैशाचा विषय निघाला की लोक हिशेब करतात आणि एवढ्यासाठी कोण उठबस करणार म्हणून सोडून देतात. शेजाऱ्यापेक्षा आपण उधळे, हे मात्र टोचतं. बाळकुमचे टॉवर त्याच धाटणीचे असल्यामुळे हा निष्कर्ष मला इथल्यासाठी ब्रिटनच्या आकड्यांपेक्षा जवळचा वाटतो. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानेही महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या काही घरांत मोजणीची यंत्रं बसवून घरगुती वापराची माहिती गोळा केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. घरातली वीज जाते कुठे हे अंदाजाऐवजी मोजून बघण्याची ती आपल्याकडची महत्त्वाची सुरुवात.

एकच कडी लावा, कोणतं उपकरण किती खातं ते आमचं सॉफ्टवेअर ओळखेल, असाही दावा काही मॉनिटर करतात. कल्पना जुनी आहे. एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात ती मांडली: प्रत्येक उपकरण चालू-बंद होताना वापराच्या आलेखावर पायरी उमटते, त्या पायरीवरून उपकरण ओळखायचं. आपल्याकडे २०१३ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी एका घराची ७३ दिवसांची बारीक नोंद घेऊन अशा ओळखीसाठी माहिती उपलब्ध केली. गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर यांची पायरी ठसठशीत असते. पण इन्व्हर्टर एसी पायरी चढत नाही, उतारावरून घसरतो. कमी वीज घेणाऱ्या बीएलडीसी मोटरच्या पंख्याची पायरी गर्दीत हरवते. म्हणजे नेमक्या ज्या वस्तू आज घरात वाढताहेत त्याच ओळखायला अवघड. या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजू नयेत असं मला वाटतं.

त्यापेक्षा एक साधा प्लग घेऊन आठवडाभर फ्रिजला लावावा. फ्रिज चोवीस तास चालू म्हणून कुणी त्याच्यावर संशय घेत नाही. चांगल्या स्थितीतल्या, साध्या कंप्रेसरच्या फ्रिजचा आलेख करवतीसारखा दिसतो: कंप्रेसर चालू, शे-सव्वाशे वॉट, मग बंद, जवळजवळ शून्य, पुन्हा चालू. फ्रॉस्ट फ्री असेल तर बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा उंचवटा अधूनमधून उठतो. आता दाराचं रबर फाटलं असेल, किंवा मागची बाजू भिंतीला चिकटवली असेल, तर ‘बंद’चे तुकडे आखूड होत जातात आणि भर मे महिन्यात नाहीसेच होतात. हे कानाला कळत नाही, बिलावर दिसत नाही. आलेखावर एका नजरेत कळतं. आठवड्याच्या युनिटांना ५२ ने गुणायचं आणि फ्रिजच्या दारावरच्या स्टार लेबलशी ताडून बघायचं. लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. जुन्या फ्रिजचं उत्तर लेबलच्या दुप्पट आलं तर मेकॅनिकला बोलवायचं की नवा घ्यायचा, हा प्रश्न निदान आकड्यावर सुटतो.

पंख्याला मॉनिटर लागतच नाही. साधा छताचा पंखा पूर्ण वेगाने ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा तिशीत. रोज १६ तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे साडेएकवीस युनिटं सुटतात; २०२४-२५ च्या मधल्या टप्प्याच्या दराने शुल्कासकट २८५ रुपये. तीन हजारांचा पंखा वर्षाच्या आत पैसे फेडतो. ठाण्याच्या दमट हवेत पंखा बारा महिने फिरतो, त्यामुळे हा हिशेब इथे पुण्या-नाशिकपेक्षा लवकर जुळतो. पंख्यांना स्टार लेबल २०२३ च्या जानेवारीपासून सक्तीचं झालंय, तेव्हा दुकानात विचारायला आधारही आहे. आधी मॉनिटर आणि मग विचार, असं इथे करू नये. थेट हॉल आणि बेडरूमचा पंखा बदलावा.

एसीचं दुखणं वेगळं. ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणतो की तापमान एक अंश वर ठेवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ अंशांवर येतात ते याच धोरणामुळे. पण तुमच्या घरात, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला, २४ आणि २७ मध्ये रात्रीच्या किती युनिटांचा फरक पडतो हे मोजूनच कळतं, आणि इथे मॉनिटर कमाई करतो. एक रात्र २४ वर, एक रात्र २७ वर आणि सोबत पंखा. बाहेरची हवा साधारण सारखी असलेल्या अशा तीन-चार जोड्या झाल्या की आकडा स्वतःच बोलतो. एसीच्या आणि गिझरच्या सॉकेटला १६ अँपिअरचाच प्लग हवा. दोन हजार वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. दहा अँपिअरच्या स्वस्त प्लगवर तो रोज चालवणं म्हणजे प्लग वितळायची वाट बघणं.

गिझरमध्ये चोरी कमी, विसराळूपणा जास्त. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सहा दशांश युनिट पुरतं. बटण दिवसभर चालू राहिलं की निवलेलं पाणी पुन्हापुन्हा तापत राहतं, आणि आलेखावर दुपारी दोनला, घरात कुणी नसताना, दोन हजार वॉटचा खिळा उभा दिसतो. ठाण्यात नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटरची सक्ती महापालिकेने बरीच आधी केली होती. तुमच्या गच्चीवर ती पॅनेल आहेत का, असली तर त्यांचं पाणी खालच्या मजल्यांपर्यंत कोमट का होईना येतं का, हे सोसायटीच्या बैठकीत विचारण्याजोगं आहे.

मग उरतात ती रात्रंदिवस थेंबथेंब गळणारी यंत्रं. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बहुतेक वेळा दहाएक वॉट घेत राहतो: महिन्याला सात युनिटं. राउटर तसाच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या घरांत आणखी एक पाहुणा सापडतो, तो म्हणजे भारनियमनाच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर. भारनियमन गेलं, इन्व्हर्टर राहिला; बॅटरी म्हातारी झाली, चार्ज धरत नाही आणि चार्जर रात्रंदिवस तिला पाजत बसतो. घरातलं सगळं बंद करूनही मॉनिटर चाळीस-पन्नास वॉट दाखवत असेल, तर आधी माळ्याकडे बघावं. आणि हो, वाय-फायचा प्रत्येक स्मार्ट प्लग स्वतः एखादा वॉट घेतो. दहा प्लग लावून बसलात तर महिन्याला सात युनिटं त्यांचीच.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांचं लक्ष आपल्या फ्लॅटच्या बिलावर असतं, आणि मेंटेनन्समधून भरल्या जाणाऱ्या बिलाकडे कुणी बघत नाही. लिफ्ट, जिना-पार्किंगचे दिवे, पाणी वर चढवणारे पंप, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे ब्लोअर. माझ्या मते मॉनिटरची खरी जागा इथे आहे, कारण इथे बघायला मॅनेजर आहे, इलेक्ट्रिशियन आहे, आणि बदल एकदा केला की तो रोज कुणाच्या शिस्तीवर अवलंबून राहत नाही. दहा हॉर्सपॉवरचा पंप तासाला साडेसात युनिटांच्या आसपास घेतो. टाकीचा फ्लोट बिघडून तो रोज अर्धा तास जास्त चालला तर महिन्याला शंभरावर युनिटं गच्चीवरून वाहून जातात. पार्किंगच्या दिव्यांना हालचाल ओळखणारे सेन्सर, बाकी ठिकाणी टायमर, एवढं झालं तरी फरक पडतो. गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. चाळीस मजल्यांच्या टॉवरची गच्ची मजल्यांच्या मानाने चिमुकली, तिथून सगळ्या फ्लॅटांची गरज भागणार नाही. लिफ्ट-पंपाचा दिवसाचा भार उचलायला मात्र ती उपयोगी पडते. पण पॅनेल किती किलोवॉटचं लावायचं, हे दिवसाचा भार मोजल्याशिवाय ठरवणं म्हणजे विक्रेत्याच्या शब्दावर जाणं.

या सगळ्यात नवा खेळाडू आहे तो महावितरणचा स्मार्ट मीटर. प्रीपेडच्या धास्तीने त्याला विरोध झाला, २०२४ च्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं, आणि मग पोस्टपेड टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा मीटर, म्हणून तो येऊ लागला. मीटर वेगाने पळतो, ही तक्रार ठाण्यात-डोंबिवलीत सर्रास ऐकू येते. तिचा निकाल लावायला मॉनिटर अगदी सोयीचा: महिन्याची दोन्ही युनिटं शेजारी-शेजारी लिहायची. घरगुती मॉनिटर दोन-चार टक्के इकडेतिकडे दाखवणारच, तेवढ्यावर भांडायला जाऊ नये. फरक पंधरा-वीस टक्क्यांचा निघाला तर मीटर तपासणीचा अर्ज करायला हाती काही तरी असतं.

तासागणिक वापर मोबाईलवर दिसेल असं महावितरण या मीटरबद्दल सांगतं. ते नीट चालू झालं तर डीबीत बसवायच्या मॉनिटरचं निम्मं काम सरकारी मीटरच फुकट करील. कोणतं उपकरण किती खातं एवढाच प्रश्न उरेल आणि त्याला एक फिरता प्लग पुरेल. तो प्लगही प्रत्येक घराने घेण्याची गरज नाही. सोसायटीने १६ अँपिअरचे दोन-तीन प्लग घेऊन शिडी नि ड्रिल मशीनच्या बरोबर ऑफिसात ठेवावेत, वहीत सही करून आठवड्यासाठी न्यावेत.

टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैसे ते १ रुपया सवलत, ही महावितरणची १ जुलै २०२५ पासूनची घोषणा. वॉशिंग मशीन रात्रीऐवजी दुपारी लावलं आणि ते रोज एक युनिट घेत असलं, तर महिन्याचे पंचवीस-तीस रुपये. सकाळी आठला घोडबंदर रोडच्या नाहीतर कापूरबावडीच्या कोंडीत शिरणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या जोडप्याला ही सवलत फारशी लागू पडत नाही; दिवसभर घरी असलेल्या आजी-आजोबांच्या पंख्याला, दुपारच्या टीव्हीला आणि घरून काम करणाऱ्याच्या एसीला पडते. त्यासाठी काहीही बदलावं लागत नाही, फक्त पुढच्या बिलावर ती वजा झालीय की नाही ते बघावं लागतं.